एका 'टेन्शन'खाली दबलेले शब्द

परीक्षेचं टेन्शन, मुलीच्या लग्नाचं टेन्शन, आजोबांच्या तब्येतीचं टेन्शन. रायपूरच्या मराठी घरांत शाळकरी वयात जिभेवर बसलेला हा शब्द निवृत्तीनंतरही सुटत नाही. त्यामागची अवस्था मात्र वयागणिक बदलत जाते. निकालाआधी धाकधूक होते, परगावच्या मुलाचा फोन आला नाही की जिवाला घोर लागतो, कर्जाच्या हप्त्यांची विवंचना असते आणि उतारवयात उगीचच हुरहुर लागते. चारही अवस्थांना एकच नाव दिलं, तर ऐकणाऱ्यानं धीर द्यायचा की पैशांची सोय पाहायची? शब्द इंग्रजी आहे म्हणून माझी हरकत नाही. तो इतक्या जणांची जागा अडवतो, म्हणून आहे.

मराठीनं परके शब्द नेहमीच घेतले, असं कुणी म्हणेल. खरंच आहे. अर्ज, कागद फारसीतून आले, बटाटा आणि पगार पोर्तुगिजांकडून. पण बटाटा ही वस्तूच नवी होती, त्या शब्दानं कुणाला हुसकावलं नाही. 'बोअर'मुळे मात्र कंटाळा, उबग आणि वीट यांतली चढती भाजणीच नाहीशी होते. मग सावरकरांसारखे नवे शब्द घडवावेत का? महापौर, दिनांक हे त्यांचे शब्द छान रुळले, कारण पदाला किंवा रकान्याला एक ठरलेलं नाव पुरतं. मनाला ते पुरत नाही. टेन्शनच्या जागी सरसकट 'तणाव' बसवला, तरी घोर आणि हुरहुर बाहेरच राहतात.

रायपुरातली मुलं हिंदी-इंग्रजीत शिकतात, बाजारात छत्तीसगढी ऐकतात. त्यांना विवंचना कशी कळणार, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. पण इथली मराठी भोसल्यांच्या काळापासून शेजाऱ्यांच्या भाषांतच वाढली आहे. 1900 साली 'छत्तीसगढ मित्र' काढणाऱ्या माधवराव सप्र्यांनी पुढे 'दासबोध' आणि टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेलं. दोन भाषांत वावरणाऱ्याला अर्थाच्या छटा जास्तच नीट पारखाव्या लागतात. छत्तीसगढीत काळजीला 'संसो' म्हणतात. तो ज्याला कळतो, त्याला घोर परका वाटणार नाही. इथल्या मराठीत संसोही यावा, मी त्याचं स्वागतच करीन. मुलांनी 'टेन्शन' म्हटलं तर त्यांना टोकू नका. कशाचं, कसलं, एवढं विचारा, आणि आपल्या बोलण्यात नेमका शब्द येऊ द्या.