आतड्यातली दुर्बीण : काही टिपणे

१९ नोव्हेंबर २०२१. कमला हॅरिस ८५ मिनिटं अमेरिकेच्या कार्यवाहक अध्यक्ष. का, तर अध्यक्ष बायडेन कोलोनोस्कोपीसाठी, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीसाठी, भुलीखाली. तिथे बाईच्या हाती अध्यक्षपदाचे अधिकार पहिल्यांदा आले ते असे! बायडेन यांच्या आतड्यात ३ मिलिमीटरचा एक पॉलिप सापडला, तो काढून टाकला.

*

पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर आलेला कोंब. बहुतेकांचं पुढे काही होत नाही. अ‍ॅडिनोमा जातीचे काही मात्र दहाएक वर्षांत कर्करोगाकडे वळतात. तोवर दुखत नाही, खुपत नाही. पंचाईत तीच, आणि संधीही तीच.

*

पडद्यावर ओलसर गुलाबी बोगदा. नळीतून तारेचा फासा पुढे येतो, कोंबाच्या बुडाशी बसतो, आवळतो. छोटा असेल तर विजेचा चटकाही लागत नाही, तार नुसती आवळूनच तुटतो. चपटा, पसरट असेल तर आधी खाली सलाइन टोचून उचलून घेतात. अस्तर कापल्याची वेदना रुग्णाला होतच नाही. न्यूयॉर्कमध्ये वुल्फ आणि शिन्या या डॉक्टरांनी १९६९ मध्ये असा फासा टाकून पॉलिप काढून दाखवला. त्याआधी खोलवरच्या पॉलिपसाठी पोट उघडावं लागे.

*

खरी परीक्षा आदल्या दिवशी. पोट साफ करायचं ते खारट औषध आणि संडासच्या फेऱ्या. पेरू, टोमॅटो, तीळ दोन-तीन दिवस आधीच बंद, बिया आतड्यात रेंगाळतात. नारळपाणी चालतं, कोकम सरबत नको, लाल रंग रक्तासारखा दिसतो. औषधाचा शेवटचा ग्लास बेसिनमध्ये ओतणारे पुष्कळ. मग मळाआड पॉलिप लपला तर दोष दुर्बिणीला.

*

डॉक्टर बारकाईने बघतात ते नळी बाहेर काढताना. त्याला निदान सहा मिनिटं द्यावीत असा दंडक आहे. ‘झटक्यात उरकलं’ ही इथे तारीफ नव्हे.

*

शौचावाटे रक्त पडलं की मूळव्याध, हे निदान आपल्याकडे घरीच होतं. वर्षभर मलम लावून मग दुर्बीण, हा क्रम फार महाग पडतो.

*

आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर चाळिशीतच डॉक्टरांना विचारा. पॉलिप काढला असेल, तर त्याचा पॅथॉलॉजी रिपोर्ट मागून घ्या आणि जपून ठेवा. पुढची तपासणी कधी, हे त्यावरच ठरतं.