ओहोटीच्या वेळीं हाजीअली

मुंबईचा समुद्र पाहावयाचा तो चौपाटीवर बसून, अशी आमची इतक्या वर्षांची समजूत होती. गेल्या माघांत पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीं आमच्या पुतण्यानें ती मोडून काढिली. उधाणाची ओहोटी साधून त्यानें आम्हांस व आमच्या नातवास उजाडतांच हाजीअलीच्या खडकांवर नेलें. शेवाळानें निसरड्या झालेल्या त्या दगडांवर आमची जी तारांबळ उडाली, तिचें वर्णन न करणेंच बरें.

एका डबक्यांत हिरव्या-तपकिरी बटणांचा गालिचा पसरलेला दिसला. आम्ही ती वनस्पती समजलों. ‘‘काका, हे प्राणी आहेत,’’ पुतण्या म्हणाला. प्रवाळांचेच हे भाऊबंद. मात्र त्यांच्याप्रमाणें चुन्याचें घर हे बांधीत नाहींत. शास्त्रज्ञ यांस झोअँथिड म्हणतात. चकतीच्या मधोमध फटीसारखें तोंड, आणि कडेस बारीक स्पर्शकांच्या दोन ओळी, ही यांची खूण. यांत झोअँथसचें अंग गुळगुळीत असतें. पॅलिथोआ आपल्या अंगांत वाळूचे कण भरून घेतो, म्हणून तो मिटलेला असतांही खरखरीत दिसतो. रंगावर मात्र विसंबूं नये. एकाच जातींत नाना रंग आढळतात.

नातवानें बोट पुढें केलें. त्यावर पतंगाच्या मांज्याची ताजी चीर होती. पुतण्यानें त्याचें मनगट घट्ट धरिलें, आणि आम्हांस गेल्या महिन्यांतील प्रसंग आठवला.

पुतण्याच्या घरीं काचेच्या पेटींत खाऱ्या पाण्याचा लहानसा संसार आहे. त्यांतील झोअँथिड दुकानांतून विकत आणलेले; किनाऱ्यावरचें कांहीं उचलावयाचें नाहीं, हा त्याचा कटाक्ष. त्यांच्या अंगांत राहणारीं सूक्ष्म शैवालें प्रकाशावर अन्न तयार करितात, म्हणून वर दिवा हवा. पाणी २४ ते २६ अंश उष्ण, विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास. पाणी उडून जातें, मीठ मागें राहतें. तेव्हां भर घालावयाची ती गोड्या, शुद्ध केलेल्या पाण्याची. आमच्या वहिनींस हें लोणच्याच्या खारापेक्षां सोपें वाटलें!

त्या दिवशीं एका दगडावर तपकिरी पॅलिथोआ फार माजला होता. तो दगड स्वच्छ करण्याच्या सद्हेतूनें वहिनींनीं पातेल्यांत पाणी उकळत ठेविलें. दगड आंत पडणार इतक्यांत पुतण्या धांवला व त्यानें गॅस बंद केला. असे दगड उकळतांना वा घासतांना उडालेल्या वाफेनें व तुषारांनीं परदेशांत कुटुंबेंच्या कुटुंबें रुग्णालयांत गेलेलीं आहेत. हें विष उकळून नाहीसें होत नाहीं, आणि कोणत्या गुच्छांत तें किती आहे हें डोळ्यांस कळत नाहीं. म्हणून हातमोजे व चष्मा घातल्यावांचून तो आतां पेटींत हात घालीत नाहीं.

विषाची हकीकतही त्यानें तेथेंच, खडकावर बसून सांगितली. हवाई बेटांतील माउई येथें हाना गांवाजवळच्या डबक्यांत एक मारक ‘शेवाळ’ असे, आणि लोक तें भाल्यांच्या टोकांस चोपडीत, अशी तिकडील दंतकथा. तें शेवाळ नव्हे, पॅलिथोआ होता. मूर व शॉयर या रसायनशास्त्रज्ञांनीं त्यांतून वेगळें केलेलें विष १९७१ सालीं जगापुढें मांडिलें. पॅलिटॉक्सिन तें हेंच.

एवढ्यांत भरती लागली. किनारी रस्त्यावर मोटारींची वर्दळ वाढली होती. खडकावर कोरडे, मिटून बसलेले ते जीव पाणी चढतांच एकेक करून उमलूं लागले, आणि नातू दोन्ही हात पाठीमागें बांधून त्यांजकडे पाहत राहिला.