खाऱ्या काठावरची माणसं

बुलढाणा जिल्ह्यातला माणूस समुद्रकाठच्या एकांतावरची पुस्तकं जमवतो, याचं आमच्या घरात सगळ्यांना हसू येतं. समुद्र इथून शेकडो किलोमीटर. पण खारं पाणी हवं तर लोणार आहे: बेसॉल्टमध्ये उल्केनं पाडलेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, आणि तळाशी मासाही जगणार नाही असं पाणी. निसर्गनोंदी लिहायला मी तिथेच बसतो.

हेन्री बेस्टन यांचं ‘द आउटरमोस्ट हाउस’ १९२८ सालचं. अमेरिकेत केप कॉडला, अटलांटिकसमोरच्या वाळूच्या टेकाडावर बांधून घेतलेल्या लहानशा घरात काढलेल्या वर्षाचं ते पुस्तक. होणाऱ्या बायकोनं म्हणे बजावलं होतं, पुस्तक नाही तर लग्न नाही. (एकांताला बाहेरून असा रेटा लागतोच.) घर फेब्रुवारी १९७८ च्या वादळात समुद्रानं नेलं, पुस्तकाला मात्र अजून वाचक आहेत.

का? शांततेची भूक, असं सगळे सांगतात. मला ते अर्धंच पटतं. लिहिणाऱ्यासाठी काठ ही मोठी सोय आहे. जंगलात नजर कुठे ठेवावी तेच कळत नाही. काठावर जे घडायचं ते एका अरुंद पट्टीत घडतं, आणि एका माणसाचे डोळे तेवढ्याला पुरतात.

लोणारला ही पट्टी अशी: आधी हिरवट फेस, मग काळा चिखल, त्यावर पांढऱ्या क्षाराची पापडी, उन्हानं कडा वर वळलेली. नाकात सडक्या अंड्यांचा वास. पापडीवर शेकाट्याचे ठसे उमटलेले असतात. पुढे तीन बोटं, मागे काहीच नाही. ठसे पाण्याकडे जातात, उथळात नाहीसे होतात, आणि तिथेच तो लांब लाल पायांवर उभा राहून किडे टिपत असतो. पण पट्टी जागेवर राहत नाही. काठावरची सासू-सुनेची विहीर ही माझी ठरलेली खूण. पाणी चढलं की तीच बुडते, आणि जुन्या नोंदीतलं ‘विहिरीच्या डावीकडे’ निरुपयोगी होतं.

जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा लोणार सगळ्या वाहिन्यांवर होतं. पाऊस कमी, ऊन कडक, पाणी आटून खारटपणा वाढलेला. त्यात रंगद्रव्य असलेले क्षारप्रेमी सूक्ष्मजीव वाढले, असं पुण्याच्या आघारकर संस्थेनं शोधलं. मोठी घटना, पण नोंदवहीला तिचा फारसा उपयोग नाही. ती पाहायला कोणाला वाट बघावी लागली नाही.

आणि एकांत? तो बराचसा लिहिताना तयार होतो. बेस्टनकडे किनाऱ्यावर गस्त घालणारे तटरक्षक येत-जात. त्यांच्या कंदिलांवरचं प्रकरण पुस्तकातलं उत्तम प्रकरण आहे. आपल्याकडे मारुती चितमपल्ली नवेगाव बांधच्या जलाशयाकाठी राहिले, पण त्यांच्या पानांतून तिथल्याच माधवराव पाटील डोंगरवारांना काढून बघा, काय उरतं ते! पक्षी, झाडं, मासे यांची तिथली नावं त्यांना माणसांनीच सांगितली. मराठीतला एकटा निसर्गलेखक क्वचितच खरा एकटा असतो, आणि माझ्या मते ही आपली जमेची बाजू आहे.

लोणारात तर एकटं राहताच येत नाही. नवरात्रात काठावरच्या कमळजा देवीला गर्दी लोटते, एरवीही शेळ्या घेऊन कोणीतरी येतंच. “काय लिवून रायले भाऊ? पाणीच त हाय,” असं एकानं विचारलं, आणि मग आपणहून दाखवलं की पलीकडच्या बाजूला, धारेचं गोडं पाणी उतरतं तिथे, पाखरं जास्त बसतात. मला ते दिसलं नव्हतं.

एका पुरवणीला हा मजकूर दिला तेव्हा शब्द जास्त झाल्याचा निरोप आला. शेळ्यावाला काढला तरी चालेल, वातावरण अधिक शांत वाटेल, असंही सुचवलं होतं. मी शेकाट्याची चार वाक्यं कापून पाठवली.