दहा अध्यायांच्या पुढे

"सर, तुम्ही दर रविवारी चर्चला जाता, रोज प्रार्थनाही करता म्हणे. मग तुमची परीक्षा का हो सुटत नाही?"

गेल्या वर्षी मधल्या सुट्टीत दहावीच्या एका मुलीने आम्हांस हा प्रश्न केला. तिच्या बोलण्यात खवचटपणा मुळीच नव्हता. तिची आई येथे निपाणीतच तंबाखूच्या वखारीत कामास जाते. नवस बोलावा, तो फळावा आणि फळला की फेडावा, हा व्यवहार तिच्या घरात रोखीच्या देण्याघेण्याइतका चोख मानला जातो. आम्ही हसून वेळ मारून नेली. परंतु पुढचा तास व्याकरणाचा असूनही आमच्याकडून फळ्यावर दोन चुका झाल्या.

खरे सांगावयाचे तर, त्या सुमारास आम्ही रोज प्रार्थना करीतच नव्हतो.

सरकारी शाळेतील कायम जागेसाठी असलेली परीक्षा आम्ही तीन वेळा दिली आणि तिन्ही वेळा कन्नडच्या उत्तरपत्रिकेपाशी अडलो. आमची मातृभाषा कोकणी, सारे शिक्षण मराठीतून, आणि कन्नड म्हणाल तर बाजारात भाव विचारण्यापुरते. प्रत्येक परीक्षेपूर्वी आम्ही नऊ दिवसांची नोव्हेना केली, मेणबत्त्या लावल्या. तिसऱ्या खेपेस यादीत नाव दिसले नाही, तेव्हा आम्ही कोणाशी भांडलो नाही की रडलो नाही. फक्त जपमाळ खुंटीला अडकवली, ती तेथेच राहिली. रविवारची मिस्सा लोकलज्जेस्तव चालू होती, एवढेच.

शनिवारी बेळगावास घरी गेलो म्हणजे संध्याकाळी आई तेर्सास बसे. आम्ही व्हरांड्यात वर्तमानपत्र उघडून बसत असू. घरातील प्रत्येकाने आपापल्या पाळीचे दहा मणी म्हणावयाचे, ही आमची जुनी रीत. आमची पाळी आली की आई क्षणभर थांबे आणि मग ते दहा मणीही स्वतःच ओढी. ती आम्हांस एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते, असे पुष्कळदा वाटे.

दिवाळीच्या सुट्टीत वेळ जाईना म्हणून वाचनालयातून लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आणली, आणि तिच्या ओढीने मग 'ख्रिस्तायन'ही मिळविले. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपणा सर्वांस क्रमिक पुस्तकांतील कवितांमुळे ठाऊक असतात. त्यांचा पंथ आमच्याहून वेगळा. आम्ही रोमन कॅथलिक, ते अमेरिकन मराठी मिशनचे. परंतु पुस्तक हातात घेतल्यावर त्याची आठवण राहिली नाही.

ख्रिस्ताचे चरित्र मराठी महाकाव्यात गावे, ही टिळकांची फार मोठी आकांक्षा होती. १९०९ साली त्यांनी आरंभ केला. १९१९ च्या मे महिन्यात ते वारले, तेव्हा सुमारे दहा अध्याय लिहून झाले होते. म्हणजे दहा वर्षांत दहा अध्याय! उरलेले काव्य हाती घेतले ते लक्ष्मीबाईंनी. येथे आमच्यातील मास्तर जागा झाला आणि आम्ही समासात हिशेब मांडला. लक्ष्मीबाईंनी लिहिलेले अध्याय चौसष्ट. टिळकांच्याच गतीने लिहावयाचे, तर चौसष्ट वर्षे हवीत. आणि वैधव्य आले त्या वेळी या बाईंचे वय पन्नाशीचे.

त्यांची तयारी तरी काय होती? त्यांचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरी सोवळ्याओवळ्याचे कडकडीत वातावरण; शालेय शिक्षण जवळजवळ नाहीच. १८९५ साली पतीने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळले. कित्येक वर्षे दोघे वेगळे राहिले. एकेक बंधन गळत, एकेक शंका फिटत, १९०० साली त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या. म्हणजे त्यांची श्रद्धादेखील एका दिवसात उगवलेली नव्हे. तीही अध्यायाअध्यायानेच लिहिली गेली.

टिळकांच्या ओघापुढे लक्ष्मीबाईंची रचना आम्हांस साधी, घरगुती वाटली. पहिल्या दिवशी आम्ही थोडे नाकही मुरडले. पुढे मात्र तोच साधेपणा आवडू लागला. स्वयंपाकघरात वावरलेल्या बाईने ख्रिस्ताकडे पाहावे, तसे ते पाहणे आहे.

१९३६ साली लक्ष्मीबाई वारल्या. 'ख्रिस्तायन' प्रसिद्ध झाले १९३८ साली. आरंभ करणाऱ्याने शेवट पाहिला नाही, आणि शेवटाकडे नेणारीने छापील पुस्तक पाहिले नाही! ही दोन सालें आम्ही पुनःपुन्हा पाहिली. पंडिता रमाबाईंचेही तसेच. केडगावच्या मुक्तिसदनात इतका पसारा असताना त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि अशिक्षित बायकांनाही कळावे म्हणून बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी वर्षानुवर्षे खपल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला तो १९२४ साली.

आमची लज्जा आणखी एका माणसाने वाढविली. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. १५७९ साली ते गोव्यास आले. आमच्या घरची कोकणी शिकले, तुमच्या घरची मराठी शिकले, आणि १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले; त्यात दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. आणि येथे आम्ही, कन्नड मुलखात जन्मून, कन्नडच्या एका प्रश्नपत्रिकेपायी देवाशी अबोला धरून बसलो होतो!

आता वाटते की, आम्ही जिला प्रार्थना म्हणत होतो तो एक अर्ज होता. अर्जावर मुदत घालून दिलेली होती आणि मुदत टळताच आम्ही दप्तर बंद केले. लक्ष्मीबाईंच्या त्या चौसष्ट अध्यायांना कोणती मुदत होती? पतीचे अपुरे हस्तलिखित समोर, आणि पुढचा अध्याय लिहावयाचा, इतकेच. अर्थात हे समजले म्हणून आमचे मन एकदम निवांत झाले असे कोणी मानू नये. परीक्षेस वयाची मर्यादा असते आणि ती आमच्यापासून फार दूर नाही. रात्री कधी जाग आली की तोच आकडा डोळ्यांपुढे येतो. मग आम्ही उठून दिवा लावतो आणि कन्नडचे पुस्तक उघडतो.

त्या सुट्टीतील शेवटच्या संध्याकाळी आई तेर्सास बसली तेव्हा आम्ही वर्तमानपत्राची घडी घातली. आमची पाळी आली. आई नेहमीप्रमाणे क्षणभर थांबली, आणि आम्ही आरंभ केला. मधली एक ओळ विसरली, ती तिने हळूच पुरविली.

शाळा उघडल्यावर प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीस आम्ही सांगितले की तुझ्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नाही. परंतु आमचे कन्नड कच्चे आहे, हे मात्र नक्की. तिचे आजोळ चिकोडीकडचे आणि तिचे कन्नड आमच्याहून कितीतरी चांगले. तेव्हापासून शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती आणि तिच्या दोन मैत्रिणी आम्हांस शुद्धलेखन घालतात. लाल पेन तिच्या हाती असते. मागच्या शनिवारी वीस ओळींत तिने अकरा चुका काढल्या. त्याच्या आदल्या शनिवारी चौदा होत्या.