बाळाच्या अंघोळीला काय लागतं?

नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या अंगावर लोण्यासारखा एक पांढुरका थर असतो. काखेत, जांघेत, कानामागच्या घडीत तो दाट साचलेला असतो, पाठीवर पातळ पसरलेला असतो. कितीतरी पिढ्या तो घाण समजून पहिल्याच तासात खसखसून पुसला गेला. खरं तर त्यात सुमारे 80 टक्के पाणी असतं आणि उरलेले स्निग्ध पदार्थ व प्रथिनं. त्यातली काही प्रथिनं जंतूंना रोखणारी. गर्भजलात कातडी भिजून जाऊ नये म्हणून शेवटच्या तिमाहीत बाळाच्याच शरीराने तो तयार केलेला असतो. जन्मानंतर निदान 24 तास तरी पहिली अंघोळ लांबवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यामागच्या कारणांत हा थरही आहे. बाळ जगात येतं तेच अंगाला लावायचं सोबत घेऊन. बारशाच्या आहेरात साबण, शाम्पू, तेल, लोशन, पावडर असा डबा हातात पडतो, तेव्हा या थराची आठवण ठेवावी असं मला मनापासून वाटतं. बाळाची त्वचा तिचं स्वतःचं काम करत असते, आणि अंघोळीसाठी वस्तू निवडताना एकच प्रश्न विचारायचा: हिच्यामुळे त्या कामात मदत होते की अडथळा?

ते काम काय आहे, हे जरा जवळून पाहू. जन्मतः बाळाच्या त्वचेचा सामू, म्हणजे पीएच, जवळपास उदासीन असतो. पुढच्या काही आठवड्यांत तो उतरत उतरत पाच-साडेपाचच्या आसपास येतो, म्हणजे त्वचा किंचित आम्लधर्मी होते. या आम्लपणावर त्वचेचं बरंच काही अवलंबून असतं: वरच्या थरातले स्निग्ध पदार्थ नीट बसणं, ओल आत राहणं, उपद्रवी जंतूंना थारा न मिळणं. साबणाचा सामू मात्र नऊ ते दहा. सामूच्या मोजपट्टीवर प्रत्येक पायरी दहापटीची असते, त्यामुळे हा फरक कागदावर दिसतो त्याहून फार मोठा आहे. मोठ्यांची त्वचा साबण लागल्यावर तासा-दोन तासांत सावरते. बाळाची अजून घडत असते, पातळ असते, आणि वजनाच्या मानाने तिचं क्षेत्रफळही जास्त असतं. टीएफएमचा आकडा बघून साबण घेणारे जाणते ग्राहक पुष्कळ आहेत. 76 टक्क्यांचा पहिल्या प्रतीचा साबण हा चांगला साबण खराच, पण त्या आकड्यावरून त्यात स्निग्धांश किती ते कळतं, सौम्यपणा कळत नाही. पारदर्शक ग्लिसरीनची वडीही बहुधा अल्कधर्मीच असते. त्यात पाणी बोअरचं, जड असेल तर साबणाचा फेस होण्याऐवजी चोथा होतो आणि तो मानेच्या वळीत, मांडीच्या घडीत चिकटून राहतो. मराठवाड्यात किंवा पुण्याच्या कडेच्या नव्या सोसायट्यांत टँकर-बोअरवर दिवस काढणाऱ्या घरांनी साबणाच्या नावापेक्षा याकडे आधी बघायला हवं.

मग साबण नसलेलं, त्वचेच्या सामूशी जुळणारं पातळ क्लेन्झर घ्यावं का? घ्यायला हरकत नाही. इंग्लंडमध्ये 307 नवजात बाळांवर झालेली एक चाचणी 2013 साली प्रसिद्ध झाली. काही बाळांना नुसत्या पाण्याने, काहींना बाळांसाठीच्या सौम्य द्रवाने न्हाऊ घातलं. दोन आठवड्यांनी त्वचेतून किती ओल बाहेर जाते हे मोजलं, तेव्हा दोन्हींत फरक आढळला नाही. चाचणीचा खर्च असा द्रव विकणाऱ्या कंपनीने केला होता, हेही लक्षात ठेवावं. निष्कर्ष मान्य केला तरी त्याचा अर्थ एवढाच की चांगला द्रव पाण्याहून वाईट नाही. पाण्याहून सरस ठरल्याचं त्यात कुठेही नाही. ज्या घरात ही बाटली परवडत नाही, तिथल्या आईने त्यापायी मनाला टोचणी लावून घेऊ नये.

यावर आपल्याकडे पहिला आक्षेप येतो तो तेलाचा. इथली बाळं तेलात माखलेली असतात. नुसत्या पाण्याने ते निघायचं कसं? आक्षेप रास्त आहे. पाटावर पाय पसरून बसलेली बाई बाळाला नडग्यांवर पालथं घेते, छाती, पाठ, हातपाय चोळते, टाळूवर तेल जिरवते, या सगळ्याला मोल आहे. 2005 साली बांगलादेशातल्या अभ्यासात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाचं तेल लावल्यावर रुग्णालयात होणारे जंतुसंसर्ग कमी झाले. त्याच वर्षी मुंबईतल्या डॉक्टरांनी खोबरेल तेलाने मालिश केलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं वजन अधिक वेगाने वाढल्याचं नोंदवलं. पण पूर्ण दिवसांच्या बाळांवर मँचेस्टरमध्ये ऑलिव्ह आणि सूर्यफूल तेलाचा प्रयोग झाला, तेव्हा त्वचा ओलसर राहिली खरी, तिच्यातल्या स्निग्ध पदार्थांची रचना मात्र मागे पडलेली दिसली. तेव्हा तेल थोडं, बिनवासाचं, आणि परदेशी ऑलिव्हच्या महाग बाटलीचा आग्रह नको. मोहरीचं तेल तर प्राण्यांवरच्या प्रयोगात त्वचेला त्रासदायक ठरलं आहे. जास्तीचं तेल मऊ पंचाने टिपून घेतलं, तर सौम्य द्रवाचे दोन-चार थेंब मान, काख, जांघ आणि तळवे यांना पुरतात. पाठीला, पोटाला रोज काही लागत नाही. दुसऱ्या टोकाची समजूत अशी की रोज भरपूर क्रीम चोपडलं की पुढे एक्झिमा होत नाही. ब्रिटनमध्ये 1394 बाळांना घेऊन हे तपासलं गेलं. 2020 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला: वर्षभर रोज क्रीम लावूनही एक्झिमा टळला नाही. कोरड्या, खाजऱ्या त्वचेला क्रीम हवंच. निरोगी त्वचेला विमा म्हणून ते विकत घ्यायचं कारण नाही.

दुसरा आक्षेप अधिक प्रेमातून येतो. आजी म्हणते, बाटली कशाला, डाळीचं पीठ, साय, चिमूटभर हळद. जे पोटात जातं ते अंगाला का बाधेल? या प्रश्नाचं उत्तर जपानने फार मोल देऊन शोधलं. तिथे चेहरा धुण्याच्या एका लोकप्रिय साबणात गव्हाचं विघटित प्रथिन घातलेलं होतं. 2010 च्या सुमारास दोन हजारांहून अधिक लोकांना तो साबण वापरून गव्हाची ॲलर्जी झाली. आयुष्यभर गहू खात आलेली माणसं नूडल्स किंवा पाव खाल्ल्यावर आजारी पडू लागली. पोटातून आलेल्या अन्नाला शरीर सहसा आपलंसं करतं. तेच त्वचेतून, विशेषतः खरचटलेल्या त्वचेतून आत शिरलं, तर त्याला परकं ठरवू शकतं. शेंगदाण्याचं तेल असलेली मलमं लावलेल्या मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त दिसल्याचं ब्रिटनमधल्या संशोधकांनी 2003 मध्ये दाखवलं होतं. म्हणून बाळाला पुरळ किंवा भेगा असतील, तर पीठ आणि साय दोन्ही दूर ठेवलेली बरी. पिठाचा गोळा फिरवून लव काढण्याचीही गरज नाही, ती काही आठवड्यांत आपोआप झडते. आणि बाळ उजळावं म्हणून हळद-साय चोळणं मला मुळातच दुखावतं. चार दिवसांच्या लेकराच्या रंगात दुरुस्ती करण्यासारखं काय असतं?

बाटलीच्या दर्शनी भागावर बहुतेकदा काय नाही तेच लिहिलेलं असतं, आणि सर्वांत ठळक असतं ते पॅराबेन नावाचे परिरक्षक नसल्याचं. पॅराबेनच्या भीतीची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. पाणी असलेल्या कुठल्याही द्रवात, दमट न्हाणीघरात, जंतू वाढणारच. परिरक्षक नको म्हटलं तर बाटलीच रोगट होते. लोकांना पॅराबेन नकोसे झाले तसे उत्पादक इतर परिरक्षकांकडे वळले, त्यांतलं एक मिथाइलआयसोथायझोलिनोन. त्याने इतक्या जणांची त्वचा बिघडली की अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली त्याला वर्षाचा ॲलर्जीकारक पदार्थ म्हणून जाहीर केलं. युरोपात अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांतून ते पुढे हद्दपार झालं. त्याच संघटनेने 2019 मध्ये पॅराबेनना क्वचितच ॲलर्जी करणारे ठरवलं. त्यांच्याविषयीचे इतर प्रश्न त्याने मिटत नाहीत, पण नाव ऐकून घाबरल्याने आपण जास्त बोचरा पदार्थ मुलांच्या अंगाला लावला, हे खरं. वासाचंही तसंच. बाळाला सुगंधाची गरज नाही. ती आपल्याला असते, आणि सुगंधी द्रव्यं ॲलर्जीच्या यादीत कायम वरच्या जागी असतात.

पावडर मात्र मी थेट वगळेन. तिची बारीक पूड श्वासावाटे फुप्फुसात जाते, आणि घामोळ्यांना सुती, सैल कपडे जास्त उपयोगी. मुलुंडच्या कारखान्यातल्या जॉन्सन अँड जॉन्सनच्या बेबी पावडरचं प्रकरण आठवावं: 2018 च्या शेवटी घेतलेल्या नमुन्याच्या सामूवरून महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने 2022 मध्ये परवाना रद्द केला आणि जानेवारी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्दबातल ठरवला. बाजू कोणाची बरोबर हा वाद बाजूला ठेवला, तरी नमुन्यापासून निकालापर्यंत चार वर्षं गेली. तेवढ्यात तान्हं बाळ शाळेत जायला लागतं.

चालतं-बोलतं मूल मातीत लोळतं, त्याला साबण लागणारच. तिथे हात कडक ठेवायचं कारण नाही. मुलींना फेसाळ पाण्याच्या टबात फार वेळ बसवू नये, लघवीच्या जागी जळजळ होते, एवढं सांभाळावं. आणि एक मागणी ग्राहकांनी लावून धरावी: बाळांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वडीवर आणि बाटलीवर सामूचा आकडा छापलेला असावा, घटकांची यादी भिंगाशिवाय वाचता यावी, आणि महाराष्ट्रात विकायचं असेल तर ती मराठीतही असावी.