टेबलाचा वाटा

२०१९ च्या मार्चमध्ये भाच्याच्या आग्रहाखातर आम्ही लास वेगासला दोन रात्री राहिलो. पत्त्यांचे आम्हांस वावडे नाही. लग्नघरी रात्र जागविताना रमीचे डाव आम्हीही मांडले आहेत. तरी पोकरच्या टेबलाशी बसलो ते निव्वळ कुतूहलाने, शंभर डॉलर गेले असे समजूनच.

दुसऱ्या रात्री आमच्या टेबलावर एका वृद्धाच्या चार अठ्ठ्या हरल्या. समोरच्याकडे बदामाची अठ्ठीपासून राणीपर्यंत सलग पाने निघाली. इतका बलाढ्य हात हरला की तेथे जॅकपॉट फुटतो : निम्मा हरणाऱ्याला, पाव जिंकणाऱ्याला, उरलेला टेबलाभोवतीच्या इतरांना. काहीएक न करता आमच्या वाट्याला २,५०० डॉलर आले! परदेशी म्हणून ३० टक्के कर जागीच कापला गेला. हाती उरले १,७५०.

मग टिपेचा प्रश्न. "मामा, पाने वाटणाऱ्यांचा पगार अगदी बेताचा असतो. त्यांचे घर टिपेवरच चालते. शंभर तरी द्या," भाचा म्हणाला. शेजारच्या खेळाडूचे म्हणणे निराळे. प्रत्येक डावातून डॉलर काढून हा साठा खेळाडूंच्याच पैशांतून भरलेला. त्यावर टिप कसली? हा युक्तिवाद आम्हांला सोयीचा वाटला. वास्तविक त्या साठ्यात आमचे डॉलर असून असून किती असणार!

कॅमेऱ्याची चित्रफीत तपासून पैसे हाती येईपर्यंत तास उलटला होता. पाने वाटणारे अर्ध्या तासाने टेबल बदलतात. तो डाव वाटणारी पन्नाशीची फिलिपिनो बाई केव्हाच उठून गेली होती. त्या वृद्धाने तिच्यासाठी म्हणून नोटांची घडी पर्यवेक्षकाकडे ठेवली. आम्ही मात्र समोर बसलेल्या तरुणाला पन्नास डॉलरची चिप दिली. त्याने ती टेबलाच्या कडेवर टकटक वाजवून खिशात टाकली. त्याने तर आमच्यासाठी एक पानही वाटले नव्हते.

पहाटे बसथांब्यावर तीच बाई डब्याची पिशवी घेऊन उभी दिसली. तिने आम्हांला ओळखले, हसून अभिनंदन केले. घरी दिवाळीत पोस्टमनला पोस्त देताना आमचा हात कधी अडखळला नव्हता. कोटाच्या आतल्या खिशात शंभराची नोट बोटांना लागत होती. बस आली. ती चढली, आणि खिडकीतून तिने हात हलविला.