आवाजाची ठेव

जळगावच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना अक्षरओळख नव्हती. पुत्र सोपानदेवांसारख्या आप्तांनी ओव्या उतरवून घेतल्या, म्हणून १९५२ साली त्या ग्रंथरूपाने लोकांपुढे आल्या. शब्द वाचले, आवाज मात्र कागदावर उतरत नाही. जळगाव-धुळ्याच्या व्यापारी घरांतील आजींच्या स्तवनांचेही तसेच आहे.

आता हिशेबाचा संगणकही तो आवाज राखू शकतो. मायक्रोफोन आणि संगणक यांच्यामध्ये ऑडिओ इंटरफेस असावा. मुद्रण चालू असता इंटरनेट व इतर प्रोग्रॅम बंद असावेत. ‘बफर’ म्हणजे आवाजाचे गोदाम. ते लहान असले तर माल चटकन पुढे जातो. फारच लहान झाले तर संगणकाची दमछाक होऊन आवाजात तडतड येते. सेकंदाला ४८,००० नमुने घेताना १२८ नमुन्यांचे बफर अवघे २.७ मिलिसेकंद थांबवते, १०२४ चे सुमारे २१. गाणारीला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये ऐकायचा असेल तर लहान घ्यावे. नंतरच्या संपादनाला मोठे.

खान्देशच्या उन्हाळ्यात दुपारी पंखा बंद करवत नाही; म्हणून पहाटेची वेळ उत्तम. जळगावच्या मुद्रणाची एक प्रत धुळ्याच्या नातलगांकडेही ठेवावी. चातुर्मास पुढच्या वर्षीही येईल. तो आवाज तेव्हा असेलच असे नाही.